अक्षरामागे तीन बाइट: तोकड्या जागेतला मराठीचा संसार

पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांच्या मालेतला १६ वा खंड वसईच्या मोहिमेला वाहिलेला आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेला हा खंड आज स्कॅन होऊन संगणकासंगणकांवर फिरतो. मिरा-भाईंदरमधल्या नवघरच्या एखाद्या विद्यार्थ्याला तो हवासा वाटला तर नवल नाही. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांच्या फौजा ज्या साष्टी बेटासाठी लढल्या, त्याच बेटाच्या उत्तर टोकाला नवघर आहे. भाईंदरच्या पश्चिमेला धारावीचा डोंगर, खाडीपलीकडे वसईचा किल्ला. पुस्तकातला रणसंग्राम गच्चीवरून दिसावा इतका जवळचा. विद्यार्थी फाइल उतरवू लागतो आणि लॅपटॉप कळवतो की डिस्कवर जागा उरलेली नाही.

हा धागा त्या सूचनेचा इतिहास सांगतो. जागा अपुरी पडणे ही लॅपटॉपने आणलेली आपत्ती नव्हे. कागदावर, छापखान्याच्या पेटीत आणि संगणकाच्या स्मृतीतही मराठीला आखूड अंथरूणच मिळत आले आणि प्रत्येक वेळी कोणीतरी पाय आखडून घेतले. ते कोणी आणि कसे आखडले, त्याचा भुर्दंड पुढे कोणावर पडला, हे पाहण्यासारखे आहे.

आधी थोडे गणित. ६ इंच रुंद आणि ९ इंच उंच असे पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, रंगीत स्कॅन केले तर ४८ लाख ६० हजार ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका पानाला सुमारे दीड कोटी बाइट लागतात. तेच पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात साठवले तर सहा लाख. आणि पानावरचा मजकूर टंकून ठेवला तर पाच-साडेपाच हजार. म्हणजे कागदाचे चित्र आणि कागदावरचे शब्द यांत दीड-दोन हजार पटींहून अधिक अंतर पडते. ३०० पानांचा रंगीत खंड कोणतेही आकुंचन न करता ठेवला तर चार अब्जांहून अधिक बाइट व्यापतो. त्यातला मजकूर मात्र जुन्या दोन फ्लॉपींत मावेल.

आता मागे जाऊ. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टीआयएफआरएसी हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याचे हे नामकरण १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केले. त्याच्या चुंबकीय कणांच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. भागाकार केला तर ही स्मृती १०,२४० बाइटांची भरते. वसई मोहिमेच्या खंडाची जेमतेम दोन पाने! ही त्या यंत्राची कार्यस्मृती होती, कायमचे कोठार नव्हे. तरीही ज्यांनी तिच्यावर गणिते सोडवली त्यांना एकेका घराची किंमत ठाऊक होती. कोठाराची कथा त्याच सुमारास अमेरिकेत सुरू झाली होती. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या डिस्क यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तिच्यावर ५० लाख अक्षरे राहत. आज फोनमधला एक फोटो तेवढी जागा सहज घेतो.

अशा टंचाईत माणसे काय करतात? जे गृहीत आहे ते लिहायचे टाळतात. छिद्रांच्या कार्डावर ८० घरे असत. त्यांत नाव, खाते, रक्कम आणि तारीख बसवायची, तेव्हा वर्षाची पहिली दोन घरे वाचवली गेली. १९६५ ऐवजी नुसते ६५. त्या क्षणी यात काही चूक नव्हती, कारण शतक कोणते हे सर्वांनाच ठाऊक होते. शतक सरत आले तेव्हा हीच काटकसर ‘वाय-टू-के’ या नावाने जगाच्या अंगावर आली. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या जुन्या आज्ञावल्या ओळ न् ओळ तपासाव्या लागल्या. भारतातल्या हजारो प्रोग्रॅमरांना त्या कामाने परदेशी ग्राहक मिळवून दिले, हा त्यातला उपकारक भाग.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ही युक्ती ओळखीची वाटेल. अठराव्या शतकातले मोडी पत्र उघडले की शेवटी किंवा माथ्यावर ‘छ’ हे चांद्र तारखेचे चिन्ह, एक आकडा आणि हिजरी महिना दिसतो. छ अमुक, माहे तमुक. वर्ष पुष्कळदा नसते. छावणीतला सरदार पुण्याला लिहीत असे, पत्र आठ-पंधरा दिवसांत पोहोचत असे आणि वर्ष कोणते चालू आहे हे दोघांनाही माहीत असे. मग ते लिहून कारकुनाने शाई का दवडावी? ‘मुक्काम’साठी ‘मु॥’, ‘पैवस्ती’साठी ‘पै॥’ अशी आखूड रूपे होतीच. पण शब्द आखडणे निराळे आणि वर्ष गाळणे निराळे. ‘मु॥’ कोणीही उलगडू शकतो. गाळलेले वर्ष परत मिळवण्यासाठी सरदेसाई, वासुदेवशास्त्री खरे यांच्यासारख्या संपादकांना पत्रातल्या घटना, माणसांचे मृत्यू, मुक्कामांचा क्रम आणि जंत्र्या जुळवत बसावे लागले. कधी वारावरून, कधी एखाद्या लग्नाच्या उल्लेखावरून. आज अनेक छापील पत्रांच्या माथ्यावर दिसणारे वर्ष मूळ पत्रात नाही. ते संपादकाने तर्काने दिलेले आहे.

इथे दोन प्रकारच्या काटकसरी वेगळ्या कराव्या लागतात. पहिलीत जे टाकले जाते ते एखाद्या नियमाने पुन्हा उभे करता येते. दुसरीत जे टाकले जाते ते फक्त त्या क्षणीच्या माणसांच्या डोक्यात असते आणि त्यांच्याबरोबर जाते. पुढची सारी हकीकत या दोहोंच्या ओढाताणीची आहे.

छापखान्यात जागा म्हणजे खिळ्यांची पेटी. इंग्रजी जुळाऱ्याला शंभर-दीडशे खाणी पुरत. देवनागरीच्या जुळाऱ्याला मात्र जोडाक्षरे, काने, वेलांट्या, रफार यांच्यासाठी शेकडो खिळे हाताशी ठेवावे लागत. खिळ्यांची संख्या उतरवण्याचा उद्योग लोकमान्य टिळकांनी केला. सावरकरांनी त्याही पुढे जाऊन लिपीच बदलावी असे सुचवले. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे काढून ‘अ’लाच वेलांटी आणि उकार लावावेत, अशी त्यांची सूचना होती. ‘अि’, ‘अु’ अशी अक्षरे असलेली जुनी पुस्तके ग्रंथालयात सापडली की मुद्रणदोष समजून पुढे जाऊ नये. यंत्राच्या पेटीत भाषा बसवण्यासाठी भाषेच्या रूपालाच कात्री लावण्याची तयारी त्या पिढीने दाखवली होती.

संगणक आला तेव्हा पेटी आणखी लहान झाली. अमेरिकेत १९६३ मध्ये ठरलेल्या ॲस्की संकेतात १२८ घरे होती आणि ती रोमन अक्षरे, अंक व चिन्हे यांनी भरून गेली होती. एका बाइटात २५६ घरे बसतात, तेव्हा उरली १२८. त्यात देवनागरीची शेकडो रूपे बसवायची कशी?

याचे उत्तर आयआयटी कानपूरमध्ये घडले आणि पुढे पुण्यात रुजले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ हे तंत्र पुढे नेले, आणि भारतीय लिप्यांचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे क्रमांकन आयएस १३१९४. या संकेतातली कल्पना विलक्षण सोपी आहे: अक्षराचे चित्र साठवू नका, अक्षराची घडण साठवा. ‘क्ष’साठी वेगळा खिळा नाही. क, हलन्त, ष, एवढेच नोंदवा आणि पडद्यावर त्याचा आकार काढण्याचे काम यंत्रावर सोडा. शेकडो आकृत्यांची पेटी अशी १२८ घरांत मावली. शिवाय देवनागरी, बंगाली, तमिळ, कन्नड या सर्वांना तीच घरे दिली गेली, कारण या लिप्यांचा वर्णक्रम मुळात एकच. ‘नवघर’ला इस्कीत चार बाइट लागत. पाणिनीच्या देशाला शोभेल असाच हा हिशोब होता, आणि तो पहिल्या प्रकारच्या काटकसरीचा उत्तम नमुना म्हणावा लागेल. गाळलेला आकार नियमाने पुन्हा काढता येत होता.

बाजारात मात्र दुसराच मार्ग फोफावला. डीटीपीच्या दुकानांना छापलेले पान हवे होते, तेही संध्याकाळपर्यंत. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे ठेवले. एका घरात कान्याची काठी, दुसऱ्यात अर्धा ‘क’, तिसऱ्यात वेलांटी. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. पडद्यावर अक्षर सुरेख दिसे, पण फाइलमध्ये मराठी नसेच. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून ती आधी साठवली जाई, रफार डोक्यावर येतो म्हणून नंतर. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसला की सारा मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन समोर येई. नव्वदच्या दशकात आणि नंतरही कितीतरी मराठी दिवाळी अंक, स्मरणिका, संशोधनप्रबंध असे घडले. सीडी शाबूत, फाइल शाबूत, पण शोधायला गेले तर एक शब्दही हाती लागत नाही. त्या फॉन्टांची कोष्टके आहेत तोवर रूपांतर होऊ शकते. कोष्टक हरवले की तो मजकूर पुन्हा नजरेने वाचून टंकावा लागतो. मोडी वाचणाऱ्यांना जशी मोडी शिकावी लागते, तसे विसाव्या शतकाच्या अखेरच्या मराठीसाठी फॉन्टशास्त्र शिकावे लागेल, अशी ही परिस्थिती आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यातली देवनागरी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावर बेतलेली असल्याने घडण साठवण्याचे तत्त्व टिकले. विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकावर युनिकोड मराठी उमटू लागली. त्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांच्या आरेखनातून आलेला. पण पेटी मोठी झाली तेव्हा प्रत्येक अक्षराचा पत्ताही लांब झाला. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही साठवणीची पद्धत रचली. आज जाळ्यावरचा जवळजवळ सारा मजकूर तिच्यात असतो. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. ‘नवघर’ चार बाइटांवरून बारावर गेले. तेच नाव रोमन लिपीत लिहिले तर सात. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी दाखल झाली, ती आणखी दूरच्या वस्तीत. तिच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट. हात न उचलता झरझर लिहिता यावे म्हणून वापरात आलेली लिपी संगणकात सर्वांत ऐसपैस बसते, हा इतिहासाचा विनोदच.

तिप्पट जागा लागते म्हणून मराठीवर अन्याय झाला, असा सूर कधीकधी ऐकू येतो. डिस्कच्या बाबतीत तो फोल आहे. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी एकच असतो आणि दुसऱ्यालाही दोनच पर्याय आहेत. पुनरुक्ती शोधून ती आखडणाऱ्या पद्धती लेम्पेल आणि झिव्ह यांनी १९७७-७८ मध्ये मांडल्या. त्यांच्यावर आधारलेले झिप अशा मजकुराला सहज चेपते आणि उघडल्यावर एकेक बाइट जागेवर परत देते. खरा फटका बसला तो मोबाइलच्या संदेशांना. एका एसएमएसमध्ये १४० बाइटांची जागा असते. इंग्रजीची सात बिटांची १६० अक्षरे तिच्यात मावतात, मराठीची ७०, आणि प्रत्येक काना-मात्रा त्यांत स्वतंत्र मोजली जाते. संदेशाला पैसे पडत असताना एका पिढीने मराठी रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली. मराठी कळफलक सहजी मिळत नव्हता, हेही कारण होतेच. ती सवय पैसे पडणे थांबल्यावरही गेली नाही.

मजकुराचे ठीक आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याची डिस्क भरते ती चित्रांनी. चित्र आखडण्याच्या पद्धती दोन जातींच्या. एकीत काही हरवत नाही. दुसरीत डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून दिले जातात. फोटोंचे जेपीईजी या दुसऱ्या जातीचे. सूर्यास्ताच्या फोटोत याने बिघडत नाही. शिलालेखाच्या झिजलेल्या रेघेत किंवा पुसट शाईत मात्र तो बारकावा हाच पुरावा असतो.

याहून बिकट प्रकार २०१३ मध्ये जर्मनीत उघडकीस आला. डेव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञाला आढळले की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांतले आकडे बदलत आहेत. बांधकामाच्या नकाशात एका खोलीचे क्षेत्रफळ दुसऱ्याच खोलीचे होऊन बसले. कारण आकुंचनाच्या पद्धतीत होते. जेबीआयजी-२ या पद्धतीत पानावरची सारखी दिसणारी अक्षरे शोधून त्यांचा एकच नमुना साठवता येतो आणि तोच सर्वत्र चिकटवता येतो. यंत्राने ६ आणि ८ सारखे मानले की ८ च्या जागी स्वच्छ, ठसठशीत ६ उमटतो. धूसर अक्षर पाहून वाचक सावध होतो. इथे सावध होण्यासारखे काही दिसतच नाही. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, १ आणि ९ यांच्यातले अंतर किती बारीक आहे हे आठवावे. एकशे नि नऊशेमध्ये एखाद्या वळणाचा फरक पडतो. स्कॅनची फाइल आश्चर्यकारक लहान वाटली तर आनंदून न जाता तिच्यातले दोन-चार आकडे मूळ पुस्तकाशी ताडून पाहणे शहाणपणाचे.

आणि मग निवड. सरदेसाईंचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. पुण्याच्या दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले कागद कोट्यवधींच्या घरात मोजले जातात. या खंडांत आली ती आठ हजारांहून अधिक पत्रे. मुद्रणाची जागा मर्यादित, मुदत आखलेली. मोहिमा, तह आणि राजकारण यांना मान मिळाला. रोजकीर्द, हिशेब, गावोगावचे जमाखर्च बहुतांशी रुमालांतच राहिले. निवडलेली पत्रे विषयवार लावली गेल्याने कोणते पत्र कोणत्या कागदाशेजारी होते हेही वाचकाला दिसत नाही. त्यासाठी सरदेसाईंना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी वगळलेले नष्ट केले नाही. रुमाल आजही बांधलेले आहेत आणि मिठागरांच्या उत्पन्नात किंवा खाडीच्या उतारांत ज्याला रस आहे तो मोडी शिकून तिथे जाऊ शकतो. संक्षेप सोसवतो तो मूळ जपलेले असते म्हणून.

आता तो नवघरचा लॅपटॉप. खोक्यावर २५६ जीबी लिहिलेले असते, पडद्यावर २३८ दिसतात. यात चोरी नाही. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या. त्यातून प्रणालीची आणि अद्ययावतीकरणांची जागा वजा जाते. उरलेल्यात १६ व्या खंडाला ठाव द्यायचा तर काय काढावे? सर्वांत मोठ्या फाइली आधी, हा नेहमीचा सल्ला आणि तो पुष्कळदा चुकीचा. डिजिटल ग्रंथालयांत बसलेले चारशे एमबीचे छापील गॅझेटियर निर्धास्त काढावे, ते पुन्हा उतरवता येते. त्याचे नाव आणि ठिकाण तेवढे टिपून ठेवले की झाले. चित्रपट, जुनी इन्स्टॉलर, एकाच लेखाच्या सहा प्रती, व्हॉट्सॲपने आपोआप साठवलेल्या शुभेच्छा, हे सारे त्याच रांगेतले. पण आजोबांच्या पेटीतल्या जमिनीच्या कागदाचा दोन एमबीचा फोटो, मिठागरावर काम केलेल्या वृद्धाची ध्वनिमुद्रित मुलाखत, पाडल्या गेलेल्या घराच्या चौकटीचे चित्र यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. नवघर १९८५ मध्ये नगरपरिषदेत गेले, २००२ मध्ये महानगरपालिका झाली आणि शेते-मिठागरांच्या जागी इमारती आल्या. त्या बदलाचे पुष्कळसे पुरावे असे घराघरांतल्या डिस्कांवर विखुरलेले आहेत. ते लॅपटॉपवरून हलवायचेच असतील तर आधी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती व्हाव्यात, त्यातली एक घराबाहेर. एकाच बाह्य डिस्कवर टाकून मूळ पुसणे म्हणजे प्रत करणे नव्हे, ते केवळ बिऱ्हाड बदलणे.

एक गोष्ट आणखी, कारण ती सर्रास घडते. जागा वाचावी म्हणून असे फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवले जातात आणि मूळ पुसले जातात. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत आकुंचित होतो आणि त्याच्या पोटात दडलेली तारीख, स्थळ, कॅमेरा ही माहितीही गळून पडते. फाइलच्या नावात उरते ती पाठवल्याची तारीख. जुना कारकून पत्र हाती आल्यावर ‘पै॥’ लिहून पोहोचल्याची तारीख टिपत असे, पण ती लिहिल्याच्या तारखेच्या जोडीला असे, तिच्या जागी नव्हे. फाइलच्या नावात वर्ष, महिना आणि दिवस पूर्ण लिहायला इंग्रजी अंकांत दहा बाइट पुरतात. पुढे गावाचे नाव मराठीत जोडले तर नवघरसाठी आणखी बारा.